दोर कोणी सोडला

ता. ३, सोमवार

ऑफिसने यंदा दोन वह्या दिल्या. खाकी पुठ्ठ्याच्या, दोन्ही अगदी सारख्या. एक कामाची, हंगाम संपला की जमा करायची. दुसरी म्हणे पहिली भिजली तर. साठ वर्षं समुद्रावर काढली, माझी वही कधी भिजली नाही, कारण मी कधी वही ठेवलीच नाही. शाळा तिसरीपर्यंत. तिथल्या बाई म्हणायच्या, हिचं अक्षर म्हणजे वाळूवरून खेकडा गेल्यासारखं. खेकडा निदान कुठेतरी पोचतो.

कामाच्या वहीत काम लिहीन, या वहीत मला वाटेल ते. ही कुणाला दाखवायची नाही.

ऑफिस म्हणजे माझी धाकटी बहीण. धक्क्यावरच्या परवान्याच्या खिडकीत बसते. एकतीस वर्षं आमचं बोलणं नाही, म्हणून मी तिला ऑफिसच म्हणते. आज तिने वह्या माझ्या नातीच्या हातात ठेवल्या आणि माझ्याकडे बघत नातीला म्हणाली, "तुझ्या आजीला सांग, तीन हंगाम तुमच्या बोटीने तळातून काही वर काढलेलं नाही. चौथा कोरडा गेला तर परवाना रद्द. आणि बिनपरवान्याची बोट तोडतात. तीस तारखेच्या आत, ऑफिसच्या डोळ्यांसमोर वर आलेली वस्तू असेल तीच धरली जाईल."

मी नातीला म्हटलं, "ऑफिसला सांग, मी बहिरी नाही."

नात म्हणाली, "तुम्ही दोघी तीन फुटांवर उभ्या आहात."

"तिला सांग, अंतर मला मोजता येतं," ऑफिस म्हणालं, आणि खिडकी लावून घेतली.

ता. ४, मंगळवार

कामाच्या वहीत पहिलाच प्रश्न, "उचलण्याची पद्धत थोडक्यात लिहा." ज्या बाईने माझ्याबरोबर एका ताटात जेवून ही पद्धत शिकली, ती मला हे विचारते. तिथे लिहिलं, "नेहमीची." इथे नीट लिहिते, जागा पुष्कळ आहे.

आमच्या समुद्रात बुडालेल्या वस्तूला स्वतःचं वजन नसतं. तिला वजन चढतं ते वर बोलणाऱ्याच्या खोटेपणाचं. बुडी मारणारी खाली जाते, वस्तूला दोर बांधते, तीन हिसके देते. वर दोर धरणारी दोराला ओठ लावून सांगते, की ही वस्तू मला कशासाठी हवी आहे. खरं सांगितलं तर लोखंडी तिजोरीसुद्धा बुचासारखी वर येते. खोटं सांगितलं तर चमचा हलत नाही. दोर एका हाताचा असतो, दुसऱ्या कुणी त्यात बोललं तर समुद्र ऐकत नाही. आणि बोलणं चालू असताना बाकीच्यांनी डबे बडवायचे, म्हणजे कुणाचं मन कुणाला ऐकू जाणार नाही. नंतरही विचारायचं नाही. शेजारच्या बोटीवरच्या जाड्याने मागे अख्खं आरशाचं कपाट वर काढलं. दोरात काय बोलला देव जाणे, पण नंतर आठवडाभर बायकोसमोर मान खाली घालून जेवत होता. कुणी विचारलं नाही. सगळ्यांना झोपा मात्र लागल्या नाहीत.

आमची बोट ‘कासव’. दोर माझा. बुडी मारते नात, तिला मी बेडकी म्हणते. हवेचा पंप माझा मुलगा चालवतो, तो दिवसातून चार शब्द बोलतो, त्यातले दोन "हं". डबे सूनबाई बडवते. डबे बडवताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं ते मला आवडत नाही.

तीन हंगाम काही वर आलं नाही. धक्क्यावर म्हणतात, म्हातारी खोटं बोलते. मी म्हणते, समुद्राला ऐकू येईनासं झालंय. त्याचंही वय झालं.

ता. ६, गुरुवार

काही नाही. एक किटली बांधली होती. म्हटलं, चहाला हवी. हलली नाही. आता चहासाठी किटली लागते यात खोटं काय.

सूनबाई म्हणाली, "घरी तीन किटल्या आहेत, आई."

ता. ९, रविवार

बेडकी आज वर आली ती डोक्यावरचा टोप काढायच्या आधीच बोलत होती. आतून नुसतं बुडबुडबुड. टोप काढल्यावर कळलं.

"आजी, खाली एक बोट चालत आलीये. कालपर्यंत तिथे नव्हती. नाक थेट आपल्या धक्क्याकडे."

बुडालेल्या बोटी चालतात, त्यात नवल नाही. तळावरून वर्षाला शंभर-दोनशे पावलं सरकतात. कुठे जायचं ते त्यांचं त्यांना ठाऊक.

"हिरवा रंग आहे. आणि डाव्या बाजूला ठिगळ. कपाटाचं दार ठोकल्यासारखं. कडी पण आहे त्याला."

मी म्हटलं, "कडी पितळी आहे?"

"तुला कसं माहीत?"

मला कसं माहीत. ते कपाट माझ्या आईचं होतं. दार काढून बाबांनी बोटीला ठोकलं तेव्हा आई चार दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. आमच्या घरात अबोला वारशाने येतो.

तर बाबांची बोट एकतीस वर्षं चालून परत आली. आत पाळण्याएवढी हिरवी पेटी आहे, बेडकी म्हणाली, आणि पेटीवर एक भलामोठा ऑक्टोपस बसलाय. आठही हात पेटीवर पसरून काहीच करत नाही. आम्ही त्याचं नाव ‘कारकून’ ठेवलं.

ता. १०, सोमवार

त्या बोटीचं लिहून टाकते म्हणजे डोक्यातून जाईल.

वादळात बाबांची बोट धक्क्याजवळच पाण्याने भरली. बाबांना लोकांनी बाहेर काढलं होतं. ते ओरडले, "पोरींनो, माणसं घेऊन येतो, तोवर दोर सोडू नका." आम्ही दोघी बहिणी धक्क्यावर, एकाच दोराला. बाबांनी एकच दोर आम्हां दोघींच्या हाताचा केला होता, त्यांना दोन परवडत नव्हते. पुढे मी, मागे ती. लाट आली, दोर गेला, बोट गेली. दोर तिसऱ्या दिवशी तरंगत परत आला. तोच अजून वापरते.

मी म्हटलं, हिने सोडला. ती म्हणाली, हिने सोडला. बाबा काहीच म्हणाले नाहीत, म्हातारे होऊन अंथरुणात गेले तरी नाही.

पेटीत तिचा टोप होता. बुडी मारायचा पितळी टोप. टोप डोक्याच्या मापाने ठोकतात आणि आयुष्यात एकच मिळतो, दुसरा घातला तर समुद्र आत घेत नाही. तिच्याइतकं खोल या धक्क्यावर कुणी जात नव्हतं. टोप गेला, ती खिडकीत जाऊन बसली. छत्री आहे, पंखा आहे, खुर्ची आहे. तिचं काही वाईट झालं नाही.

आज पेटीला दोर बांधला. मी म्हटलं, परवाना टिकवायला हवी आहे. हे तर शंभर टक्के खरं आहे. पेटी ढिम्म.

ता. १२, बुधवार

म्हटलं, नातीच्या भल्यासाठी हवी. ढिम्म. म्हटलं, बाबांची आठवण म्हणून. उलट जड झाली, बोट एका अंगाला कलली. सूनबाईचा डबा पाण्यात पडला.

बेडकी वर येऊन म्हणाली, "आजी, तू खाली काय पाठवतेस गं? कारकून माझ्याकडे बघून हात हलवत होता. नाही नाही म्हणतात तसे. आठही."

ता. १५, शनिवार

आज हलली.

झालं असं, की सगळं सांगून दमले, आणि चिडून दोरात म्हटलं, "त्या ऑफिसवालीला जळवायला हवी आहे." तर दोर हातात सैल आला. पेटी दोन हात वर आली. मग बसली पुन्हा.

म्हणजे गंमत बघा. परवाना नाही, नात नाही, बाप नाही, त्या बयेचं नाव काढलं की हलते. द्वेषात ताकद असते हे मला माहीत होतं, इतकी असेल असं वाटलं नव्हतं. आता रस्ता सापडला. उद्यापासून तिच्याबद्दलच बोलायचं.

इतका आनंद झाला की मी रात्रीचं जेवण स्वतः वाढलं. मुलाने दोनदा वर बघितलं.

ता. १६, रविवार

ऑफिस तपासणीला आलं. सुट्टीच्या दिवशी. छत्री घेऊन धक्क्यावर उभं राहिलं आणि बेडकीला म्हणालं, "तुझ्या आजीला विचार, कामाच्या वहीत रोज ‘नेहमीचं’ एवढंच का लिहिते?"

मी म्हटलं, "सांग, रोज नेहमीचंच असतं म्हणून."

"विचार, खाली कोणती बोट आली आहे म्हणतात?"

बेडकीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सांग, लाकडाची."

ऑफिस धक्क्याच्या कडेला येऊन पाण्यात डोकावलं. मग म्हणालं, "तिला सांग, दोर उन्हात वाळवत जा. कुजेल."

"तिला सांग, एकतीस वर्षं नाही कुजला."

"माहीत आहे," ऑफिस म्हणालं. हे बेडकीला म्हणालं की कुणाला, ते कळलं नाही. गेल्यावर बघते तर नारळाच्या काथ्याची एक नवी गुंडी धक्क्यावर राहिली होती. विसरलं असणार. ऑफिसातली माणसं वेंधळी असतात.

ता. २०, गुरुवार

चार दिवस तिच्याबद्दल बोलतेय. तिची चाल, तिची छत्री, लहानपणी माझ्या वाटणीचं खाऊन माझ्याच पदराला तोंड पुसायची, ते सुद्धा. प्रत्येक वेळी दोन हात, तीन हात वर येते. काल "आजारी पडले होते तेव्हा माझ्या उशाशी नऊ दिवस बसली होती, मोठेपणा दाखवायला" असं म्हटलं तर चांगली पाच हात आली. मग वाटलं, हे काही शिव्यांत मोडत नाही, म्हणून थांबले. बसली खाली.

सूनबाईच्या मोठ्या डब्याचं बूड फाटलं. ती म्हणाली, "आई, किती बोलता हो. बाकीच्या बोटींवर एक वाक्य बोलतात."

मी म्हटलं, "बाकीच्यांना बहीण नसेल."

"मला तीन आहेत," ती म्हणाली, आणि दुसरा डबा घेतला.

ता. २४, सोमवार

खरं लिहायचं तर मला भीती वाटायला लागली आहे. कासव तुटली तर मुलगा कुठे जाणार. त्याला पंपाशिवाय कुणाशी बोलता येत नाही. बेडकीचा टोप तिच्या मापाने ठोकून अजून वर्ष झालेलं नाही. बोटच नसेल तर तो नुसता पाणी प्यायला. मी एका मुलीला आधीच खिडकीत

हे काय लिहीत होते. चहा उतू गेला.

ता. २८, शुक्रवार

आज सकाळचं सगळं क्रमाने लिहिते. अक्षराला हसू नये.

तीस तारीख रविवारी, म्हणून ऑफिस आजच बोटीवर आलं. वही, शिक्का, छत्री. पाटावर अंग चोरून बसलं. एकतीस वर्षांत प्रथमच पाण्यावर आलं होतं, पण बोट डुलली तशी आपोआप पाय फाकवून तोल धरला. पाय विसरत नाहीत.

बेडकी उतरली. तीन हिसके आले. सूनबाईने डबे सुरू केले. मी दोराला ओठ लावले आणि ठरवलेलं बोलले, "हिच्या डोळ्यांदेखत वर काढून हिला दाखवायची आहे." पेटी निघाली. पाच हात, दहा हात, वीस हात. अर्धी वाट आली. हलकी, अशी हलकी, की मला वाटलं झालं. आणि अंगात आलं माझ्या. म्हटलं, "बाकी मला हिच्याशी काही देणंघेणं नाही."

दोर हातातून जळत गेला. पेटी दगडासारखी खाली. बोटीचा मागचा भाग पाण्याला टेकला. डबे थांबले, आणि त्या शांततेत मुलगा म्हणाला, "आई, पंप दाबला जात नाहीये. नळी पेटीखाली सापडली."

एवढं लांब वाक्य तो लग्नातसुद्धा बोलला नव्हता. टोपात उरलेली हवा म्हणजे चार मिनिटं, फार तर पाच.

मी दोर ओढला. मुलाने ओढला. भिंत ओढावी तसं. मी दोरात म्हटलं, "नात हवी आहे मला." ते खरंच होतं, पण विचारणा पेटीची होती, पेटी कशासाठी हवी ते सांगायला हवं होतं. मला सुचेना.

तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या खांद्याला खांदा लावला.

"ताई, हात पुढे सरकव," ती म्हणाली. "जागा दे."

छत्री पाण्यात तरंगत होती. तिने दोर धरला. माझ्या मागे, तेव्हासारखाच. तो तिच्याही हाताचा होता, मी विसरले होते. सुनेकडे बघून ती म्हणाली, "बडव गं, जोरात बडव," आणि सुनेने असे डबे बडवले की आजूबाजूच्या बोटींवरची माणसं उठून उभी राहिली. मला माझाही आवाज ऐकू येत नव्हता. तिची हनुवटी दोराला लागलेली दिसली. तीही काहीतरी बोलत होती.

मी काय बोलले ते लिहून ठेवते. ही वही माझीच आहे. मी म्हटलं, "दोर मी सोडला होता. लाटेला घाबरले, बोटं उघडली. तिचा टोप तिला परत द्यायचा आहे, आणि तिच्या दारात जायला मला दुसरं काही निमित्त नाही."

झालं. पेटी वर आली म्हणजे काय आली. पाण्यातून बाहेर उडाली, आमच्या डोक्यांवरून गेली आणि बोटीच्या नाकावर जाऊन आपटली. वर कारकून बसलेला होता तो तसाच. त्याने सगळ्यांकडे एकदा बघितलं, आठही हात आवरले, आणि ऑफिसच्या उघड्या वहीवर शाई सोडून पाण्यात उतरून गेला. त्यामागून बेडकी आली. टोप काढल्यावर पहिलं वाक्य, "कुणी मध्ये बोलणं बदललं?"

विचारायचं नसतं.

मुलगा पंपावर डोकं टेकून बसला होता. मी त्याला म्हटलं, "रडू नकोस, नळी तपास." तो "हं" म्हणाला. बरं वाटलं.

ता. २९, शनिवार

पेटी काल उघडली नव्हती. आज तिच्यासमोर उघडली. टोप हिरवा पडला होता, चिंच लावून सूनबाईने तासभर घासला. धाकटीने तो डोक्यावर ठेवला. बरोब्बर बसला.

आतून म्हणाली, "माप तेच आहे."

मी म्हटलं, "आत काही भरलंच नाही तर डोकं वाढेल कसं."

मग लक्षात आलं, मध्ये बेडकी नव्हती आणि हे थेट बोलून झालं होतं. मुलगा पंपाशी जाऊन उभा राहिला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

ती खाली गेली. सासष्ट वर्षांची बाई, ऑफिसच्या कपड्यांत, कमरेला शिशाचा पट्टा. म्हणाली, दोन वाव खोल जाऊन येते. वीस वाव गेली. दोर मी धरला होता. यावेळी सुनेला सांगून मी तो माझ्या कमरेलाही बांधून घेतला. सूनबाईने गाठ मारताना विचारलं, "तीन पुरतील की चार?" मी म्हटलं, "तुला येतात तितक्या मार."

मला दोर धरून उभं राहायचा कंटाळा येतो. आज आला नाही. खालून मधूनच हिसका यायचा, खुणेचा नाही, उगीचच. लहानपणी द्यायची तसा. मीही दिला.

अर्ध्या तासाने वर आली तेव्हा हसत होती. टोपाच्या काचेतून नुसते दात दिसत होते. काखेत एक किटली.

"ही कुणाची?" मी म्हटलं.

"तुझीच ना. खाली बांधून ठेवली होतीस. नुसती हातात घेतली, आली."

सूनबाई म्हणाली, "चौथी," आणि चहा ठेवायला गेली. धाकटी बोटीच्या कडेला पाय सोडून ओल्या अंगाने बसली होती. जाड्याच्या बोटीवरून कुणीतरी हाक मारली, "काय हो ऑफिस, परवाना आहे का?" ती म्हणाली, "सोमवारी या, स्वतःला देणार आहे."

सोमवारी कामाची वही जमा करायची. दोन्ही वह्या फळीवर शेजारी ठेवल्यात.

ता. ३, बुधवार

ही वही दोन दिवस माझ्याकडे नव्हती.

सोमवारी चुकीची वही दिली. खिडकीसमोर ऊन होतं, चष्मा घरी होता, पुठ्ठे सारखे. कुणालाही होईल. सूनबाई म्हणते, "चष्मा तुमच्या नाकावर होता, आई." तिला पाण्यावरच्या उजेडात नीट दिसत नाही.

आज बेडकीने वही परत आणून दिली. सगळी वाचलेली. पानापानावर लाल शाई. "ऑफिसातली माणसं वेंधळी असतात" याच्यापुढे लिहिलंय, "काथ्या मुद्दाम ठेवला होता." पदराला तोंड पुसण्याच्या जागी, "खोटं. बाहीला." चोवीस तारखेच्या अर्ध्या वाक्याखाली नुसती एक रेघ आहे, शब्द नाही. ती रेघ जरा ओली होऊन पसरली आहे. लाल शाई हलकी असते.

आणि शेवटी, शिक्क्याखाली, तिच्या त्या शाळेत पहिल्या आलेल्या अक्षरात,

"बोट कासव. वस्तू एक, पेटी. ऑफिससमक्ष वर आली. परवाना मंजूर, पुढील तीन हंगाम.

दुरुस्ती. अठ्ठावीस तारखेच्या नोंदीत गंभीर चूक आहे. दोर तुम्ही सोडलेला नाही. मागे मी होते, माझी बोटं आधी उघडली, मला पक्कं आठवतं. एकतीस वर्षं मी हेच कुणाला सांगू शकले नाही, म्हणून तुमच्यावर ढकललं. त्या दिवशी दोरात मी हेच बोलले. पेटी त्यानेच वर आली. तरी कृपया नोंद सुधारावी."

मी तीनदा वाचलं. बेडकीने खांद्यावरून एकदा वाचलं आणि म्हणाली, "आजी, म्हणजे दोघींनी सोडला."

मी तिला म्हटलं, तू बुड्या मार. दोघी काय सोडतात. पुढे मी होते. लाट आधी माझ्यावर आली. माझी बोटं मला आठवतात की हिला. आणि पेटी म्हणे हिच्यामुळे वर आली. नातीची नळी अडकलेली, दोर माझ्या हातात, आणि श्रेय हिचं. एकतीस वर्षांपूर्वी हिने माझ्यावर खोटा आळ घेतला, तो खरा निघाला, आणि आता तोसुद्धा ही माझ्याकडून काढून घेते आहे.

मी काही नोंद सुधारत नाही. वही घेऊन आत्ताच तिच्याकडे निघाले आहे. किटलीही घेतली आहे बरोबर, तिच्या घरी चहा पाणचट असतो असं ऐकलंय. सूनबाईला सांगितलंय, जेवायला माझी वाट बघू नका. भांडण एकतीस वर्षांचं आहे, वेळ लागेल.